“कितवा आलास?” आणि बाकीचे प्रश्न: कोल्हापुरातल्या हौशी सायकल शर्यतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली सात वर्षं मी कोल्हापुरातल्या एका छोट्या रोड टीमकडून सायकल शर्यतीत उतरतो. वय ४१, नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत, सकाळची शिफ्ट सातची. टीममध्ये आम्ही नऊ जण. दोन कॉलेजची पोरं, एक शाळामास्तर, एक ऊस-शेतकरी, आमच्यातल्या निम्म्यांपेक्षा जोरात जाणारी एक मुलगी, आणि बाकीचे माझ्यासारखे, पोट आत घेऊन जर्सीची चेन लावणारे. रविवारी सकाळी चहाच्या गाड्यावर थांबलो की घट्ट कपड्यांकडं बघत कुणीतरी येतो आणि प्रश्न सुरू होतात. प्रश्न ठरलेले आहेत, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

कितवा आलास?

एकतिसावा. सेहेचाळीस जणांत. आणि ती माझी या वर्षातली सगळ्यात चांगली शर्यत होती.

इथं विचारणारा जरा गप्प होतो. मग “असू दे, पुढच्या टायमाला” म्हणून पाठीवर हात ठेवतो. दोष त्याचा नाही. हे कुस्तीचं गाव आहे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं केलं, त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. इथल्या माणसाच्या डोक्यात खेळ म्हटलं की दोघं मातीत उतरतात, एकाची पाठ लागते आणि दुसऱ्याला फेटा बांधतात. सायकल शर्यतीत पन्नास-साठ जण उतरतात आणि त्यातल्या निम्म्यांना चुन्याच्या रेषेवर उभं असतानाच माहीत असतं, की आज आपण जिंकायला आलेलो नाही.

म्हणून मी आता कुस्तीचा दाखला देत नाही, फुटबॉलचा देतो. पेठेतल्या कुठल्याही काकांना विचारा. शाहू स्टेडियमवर गोल झाला की गोल कुणी मारला याच्या आधी ते पास कुणाचा होता ते सांगतात. मी तो पास देणारा. फरक एवढाच, की फुटबॉलमध्ये पास देणाऱ्याच्या नावापुढं ३१ वा असं लिहीत नाहीत.

सायकल तर एकट्यानंच मारायची असते, मग टीम कशाला?

हवेमुळं. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या पुढं गेलं की पायातली बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाप्रमाणे. ३० वरून ४० वर जायचं तर वेग वाढतो एक तृतीयांश, पण हवेसाठी लागणारी ताकद सव्वादोन पटीहून जास्त होते. पुढच्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून राहिलं, की साधारण पाव ते एक तृतीयांश श्रम वाचतात. मोठ्या गटाच्या पोटात असाल तर त्याहूनही जास्त.

थोडक्यात, पुढं राहणं म्हणजे खिशातून खर्च करणं. टीम म्हणजे कुणी कुणासाठी आणि कधी खर्च करायचा याचा करार. आमच्यात पुढं राहण्याला ‘ओढणं’ म्हणतात, मागं राहण्याला ‘चाक धरणं’, गटाच्या मागं पडण्याला ‘सुटणं’ आणि गट सोडून पुढं उसळी मारण्याला ‘पळणं’. चाळीस किलोमीटर फुकट चाक धरून शेवटी जो स्प्रिंट मारून जिंकतो त्यालाही एक शब्द आहे, पण तो इथं लिहिता येत नाही.

चढावर हे गणित बदलतं. ताशी १२ च्या वेगाला हवा जवळजवळ नसतेच, तिथं प्रत्येकाचं वजन ज्याचं त्याला. म्हणून मुंबई–पुणे शर्यतीत जिंकणाऱ्याइतकंच ‘घाटाचा राजा’ कोण झाला याला महत्त्व. बोरघाटात तुम्हाला ओढायला कुणी येत नाही.

पण तू नेमकं करतोस काय?

त्या एकतिसाव्या नंबराचीच गोष्ट सांगतो.

फेब्रुवारीतली, करवीर तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेची शर्यत. ४२ किलोमीटर, जाऊन-येऊन. आमच्या एकोणीस वर्षांच्या पोराचा शेवटच्या ३०० मीटरचा झटका जबरदस्त आहे, पण वाऱ्यात तो पालापाचोळ्यासारखा उडतो. ठरलं असं, की जाताना तोंडावर येणारा पश्चिमेचा वारा मास्तर आणि मी खायचा, पोरानं आमच्या मागून हलायचं नाही.

नवव्या किलोमीटरला सांगलीकडचे तिघं पळाले. चांगले पळाले, एकमेकांत वाटून ओढत होते. बाकीचा गट एकमेकांकडं बघत बसला. गटाचा हा जुना रोग. प्रत्येकाला वाटतं, दुसरा जाईल. आमच्या कॅप्टननं वळून माझ्याकडं बघितलं, बोलला काही नाही. मी पुढं गेलो. एक मिनिट मी, एक मिनिट मास्तर, पुन्हा मी. वीस मिनिटं. घड्याळात ठोके १७६, तोंडाला फेस, डोळ्यांसमोर फक्त त्या तिघांतल्या शेवटच्याची पिवळी जर्सी. आधी ती टिकलीएवढी होती, मग लिंबाएवढी झाली. वळणाच्या अलीकडं, शाळेच्या कुंपणापाशी, आम्ही त्यांना गाठलं.

आणि तिथंच मी संपलो. वळण घेतल्यावर वारा पाठीशी आला, गटानं ४५ च्या वर वेग लावला आणि मी सुटलो. मास्तर आणखी दोन किलोमीटर टिकले. मग वीस किलोमीटर एकट्यानं परत. मेंढरांचा एक कळप आडवा आला, त्याला वाट दिली. समाप्तीला पोचलो तेव्हा माईकवरून दुसऱ्या नंबरचं नाव पुकारत होते. आमचा पोरगा, अर्ध्या चाकानं मागं. शाल, ढाल आणि श्रीफळ. त्यातला नारळ त्यानं माझ्या हातात दिला. “दादा, ह्यो तुमचा.” सोमवारी त्याची चटणी झाली.

बक्षीस किती मिळतं?

त्या शर्यतीत दुसऱ्याला ३,००१ रुपये होते. आमच्यात रक्कम सगळ्यांत वाटायची असा नियम आहे. नऊ जणांत ३३३ आले आणि चार रुपये उरले. प्रवेश फी, गाडीचं पेट्रोल आणि नंतरची मिसळ धरली तर आम्ही तोट्यात. सायकलिंगमधून पैसे मिळतील असं कुणी सांगत असेल तर तो बहुतेक सायकली विकत असेल.

सायकल कितीची? आणि हलकी घेतली तर फायदा होतो का?

माझी जुनी, ३८ हजारांना हातातून हातात घेतलेली. नवी रोड बाईक साधारण ५०,००० च्या आसपास सुरू होते आणि वर आकाश मोकळं आहे. सुरुवातीला महाग फ्रेमपेक्षा दोन गोष्टी बघा. पहिली, साइज बरोबर असणं. दुसरी, मागं जास्त दात्यांची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा गिअर-चक्रांचा संच. पुढच्या दोन चक्रांना ५० आणि ३४ दाते आणि मागं ३२ पर्यंत असतील तर जोतिबा चढताना गुडघे शिव्या देत नाहीत.

हलकेपणाचं गणित मी फौंड्रीतल्या कागदावर मांडून बघितलं. सहा टक्के चढावर ताशी १२ नं जाताना एका किलोला साधारण दोन वॅट जास्त लागतात. साठ हजारांची कार्बन चाकं चारशे ग्रॅम वाचवतात, म्हणजे एक वॅटही नाही. माझं पोट चार किलो कमी झालं तर आठ वॅट, तेही फुकट. जागतिक संघटना यूसीआयच्या नियमानुसार शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालतच नाही. आमच्या टीममध्ये त्या नियमाची भीती आजवर कुणाला वाटलेली नाही.

पैसे घालायचेच असतील तर टायरमध्ये घाला. मी २८ मिलिमीटरचे वापरतो, हवा ७५ पीएसआयच्या आसपास. आपल्या रस्त्यांवर १२० पीएसआय भरून दगडासारखे टायर पळवणारे अजून आहेत. त्यांचे दात मजबूत असावेत.

सराव कुठं करता?

कोल्हापूरकर सायकलवाल्यासारखा नशीबवान माणूस नाही. एका बाजूला सपाट, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, आणि दोन्हीकडं घरून तासाभरात.

मधल्या वारी, पहाटे सव्वापाच ते साडेसहा, रंकाळ्यावरून फुलेवाडी, बालिंगा, कळ्याच्या दिशेनं आणि परत. गगनबावड्याचा हा रस्ता सलग सपाट नाही, छोटे चढ-उतार येत राहतात आणि पायांना फसवतात. पूर्ण गगनबावडा म्हणजे जाऊन-येऊन ११० किलोमीटर, तो रविवारी. तिथून करूळ घाट खाली दिसतो. खाली उतरायचा मोह होतो, पण उतरलेलं सगळं परत चढायचं असतं, हे लक्षात ठेवावं. मी एकदा ठेवलं नव्हतं. त्या दिवशी वैभववाडीतून घरी फोन केला होता.

चढासाठी पन्हाळा. शिवाजी पूल ओलांडायचा, केर्ली मागं टाकायची, वाघबीळला रत्नागिरीचा रस्ता सोडून वळायचं आणि बाजीप्रभूंच्या पुतळ्यापर्यंत थांबायचं नाही. कोल्हापूरपासून वीस किलोमीटर आणि सुमारे ४०० मीटर उंची. आमच्या टीममध्ये कुणाची तब्येत कशी चाललीय ते डॉक्टरपेक्षा वाघबीळ ते पुतळा या वेळेवरून कळतं. माझी वेळ मी सांगणार नाही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला, तेव्हा कितीतरी महिने आमची ही फूटपट्टीच हरवली होती.

जोतिबाचा चढ वेगळा, जास्त अंगावर येणारा. चैत्र यात्रेच्या दिवसांत तिकडं जायचंच नाही, सासनकाठ्या आणि माणसं यांचा तो रस्ता. यात्रेनंतरही आठवडाभर जपून. डांबरावरचा गुलाल दंवानं ओला झाला की वळणावर साबणासारखा होतो. एकदा परत आलो तेव्हा सायकलची साखळी गुलाबी झाली होती. आईनं ती धुऊ दिली नाही.

राष्ट्रीय महामार्गावर सराव करू नका. सहापदरीकरणाची खोदाई, सेवा रस्त्यावर उलट्या बाजूनं येणारी वाहनं, आणि ट्रकच्या मागं वाऱ्यापासून मिळणाऱ्या आडोशाचा मोह. तिन्ही वाईट.

ऊस हंगामात काय करता?

घाबरतो.

हे विनोदानं लिहिलेलं नाही. दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटली की मार्चपर्यंत जिल्ह्यातले रस्ते ट्रॅक्टरचे. मागं दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, पुढं स्पीकरवर गाणी, आणि मागं दिवा तर सोडाच, रिफ्लेक्टरही नसतो. पहाटे साडेपाचला काळोखात उभी असलेली बिनदिव्याची ट्रॉली तुम्हाला पाच मीटरवरून दिसते. ३५ च्या वेगाला पाच मीटर म्हणजे अर्धा सेकंद. दर हंगामाला रिफ्लेक्टरच्या मोहिमेचे फोटो पेपरात येतात, आणि दर हंगामाला अपघाताच्या बातम्याही येतात.

त्यात रस्त्यावर पडलेल्या कांड्या. पुढचं चाक कांडीवर चढलं की ती गोल फिरते आणि तुम्हीही. म्हणून हंगामात आमचे तीन नियम. उजाडल्याशिवाय निघायचं नाही, म्हणजे फौंड्रीवाल्यांनी मधल्या वारी बाहेर जायचंच नाही. पुढच्यानं रस्त्यातली प्रत्येक गोष्ट हात दाखवून, ओरडून सांगायची. आणि ट्रॉलीचं चाक धरायचं नाही. सत्तावीस-अठ्ठावीसच्या वेगानं जाणाऱ्या ट्रॉलीमागं वारा बंद होतो, पाय हलके होतात, स्वर्ग वाटतो. पण तिचा ब्रेक तुम्हाला दिसत नाही.

आमचा शेतकरी गडी मात्र हे ऐकून हसतो. त्याचाच ऊस त्या ट्रॉलीत असतो. तोड वेळेवर येत नाही म्हणून तो आधीच तीन रविवार शेतात अडकलेला असतो. त्याची खरी शर्यत एप्रिलपासून सुरू होते.

आणि पावसाळ्यात?

घरात रोलरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल मारायच्या साधनावर, भिंतीकडं बघत. गगनबावड्याचा पाऊस ज्यानं बघितलाय तो विचारणार नाही. जून ते ऑगस्ट आम्ही पंचगंगेची पातळी बघूनच ठरवतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोक्याची. पस्तीसच्या पुढं गेलं की पुलापलीकडचा बेत रद्द. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तर शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला. त्या दिवसांत सायकली माळ्यावर ठेवल्या आणि टीममधले बहुतेक जण अन्नाची पाकिटं बांधायला गेले.

खुराक काय?

शेजारचे एक जुने पैलवान माझ्याकडं बघून हळहळतात. “एवढं राबतोस आणि खातोस काय, केळी?” त्यांच्या तालमीतली थंडाई, बदाम, तूप यांच्यापुढं आमचं खाणं म्हणजे उपासाचं. पण कुस्ती काही मिनिटांची आणि आमचं काम तीन तासांचं. दीड तासाच्या पुढं जोरात सायकल मारायची तर तासाला साधारण ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं, आणि तेही भूक लागायच्या आधी. भूक लागली म्हणजे उशीर झाला. डोळ्यांपुढं अंधारी येते, पाय दुसऱ्याचे वाटतात आणि माणूस विनाकारण रडवेला होतो. मी राधानगरी रोडला हळदीपाशी एका अनोळखी माणसाच्या पायरीवर बसून त्यांच्या घरचे तीन राजगिऱ्याचे लाडू खाल्लेत.

बाजारातल्या जेलच्या एका पाकिटाच्या पैशांत आपल्याकडं पाव किलो चिक्की येते. केळी, चिक्की, खजूर, बाटलीत ओआरएस. कोल्हापुरी गूळ उत्तम, फक्त तो जर्सीच्या खिशात नुसता ठेवू नका. मे महिन्यात तो पाठीवरून खाली उतरतो.

आदल्या रात्री तांबडा-पांढरा नको. मिसळ शर्यतीनंतर. हे दोन्ही नियम मी मोडून बघितलेत, तपशील विचारू नका.

पाय का भादरता?

हवेसाठी असं पोरं सांगतात. खरं कारण म्हणजे पडल्यावर जखम धुणं आणि पट्टी काढणं सोपं जातं. मालिशलाही बरं पडतं. आणखी खरं कारण म्हणजे सगळे भादरतात. पहिल्यांदा केलं तेव्हा आईनं “कुणी गेलं का रे?” असं विचारलं.

पहिली शर्यत कशी झाली होती?

अकराव्या किलोमीटरला सुटलो. एकट्यानं पन्हाळा चढत होतो म्हणून मला वाटायचं आपण भारी. शर्यतीत कळलं, की एका वेगानं जाणं वेगळं आणि दर दोन मिनिटाला कुणीतरी झटका मारतो, तो खाऊन पुन्हा गटात बसणं वेगळं. शिवाय मी घाबरून गटाच्या शेवटी राहिलो होतो. वळणावर पुढचे जरा हळू होतात, मधले ब्रेक मारतात आणि शेवटचा जवळजवळ थांबतो. मग प्रत्येक वळणानंतर त्याला रबरासारखं ताणून परत गट गाठावा लागतो. बारा वळणांत माझं रबर तुटलं. नव्या माणसानं गटाच्या पुढच्या एक तृतीयांशात राहावं. तिथं भीती जास्त वाटते, श्रम कमी होतात.

यात्रेतल्या शर्यती आणि लायसनवाल्या शर्यती यांत फरक काय?

यात्रेतली शर्यत म्हणजे डिजिटल फलक, हलगी, नेत्यांची वाट बघत उन्हात उभं राहणं आणि आठची सुरुवात दहाला. साधी सायकल आणि गिअरची सायकल असे वेगळे गट. साध्या सायकलचा गट बघायला मला जास्त आवडतं. दूध घालायला जायची सायकल घेऊन पोरं अशी पळतात, की आपल्या कार्बन फ्रेमची लाज वाटावी.

भांडणं एकाच गोष्टीवरून, मोटरसायकलवरून. गावातली पोरं आपल्या गड्याला ओरडत शेजारून गाडी चालवतात आणि त्या गाडीचा आडोसा त्याला मिळतो. पंच बिचारे जीपमध्ये मागं असतात. आमचा एक पहिला नंबर असा गेला. आम्ही तक्रार केली, त्यांनी चहा पाजला.

भारतीय सायकलिंग महासंघाशी जोडलेल्या राज्य संघटनेच्या निवड शर्यतींत वयोगट, लायसन, सायकलची तपासणी असं सगळं असतं. तिथं आमच्यातली फक्त दोन पोरं आणि ती मुलगी जातात. आम्ही बाटल्या द्यायला उभे असतो. चालत्या सायकलस्वाराला बाटली देणं ही कला आहे. हात ताठ ठेवायचा नाही, बाटली वरून धरायची आणि तो जातोय त्याच दिशेनं चार पावलं पळायचं.

बीआरएम म्हणजे पण शर्यतच ना?

नाही. ती ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल सफर. बीआरएममध्ये २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे, ३०० वीस तासांत. पहिला-शेवटचा असा निकालच नसतो. माणसं सुंदर असतात, वाटेत थांबून कांदाभजी खातात. आमचे काही जण तिकडं गेले आणि परत आलेच नाहीत.

मुली शर्यतीत असतात का?

असतात, आणि संख्या वाढतीय. पण बऱ्याच गावच्या शर्यतींत महिलांचा गटच नसतो, असला तर अंतर निम्मं आणि बक्षीस त्याहून कमी. आयोजकांना विचारलं की “पोरी येत नाहीत हो” म्हणतात. बक्षीस ठेवा, येतात का बघा.

आमच्या टीममधली मुलगी गट नसेल तर पुरुषांतच उभी राहते. गेल्या हिवाळ्यात बिद्रीच्या रस्त्यावर मी पूर्ण रिकामा झालो होतो. ती मागं आली, शेजारून बघितलं आणि म्हणाली, “चाक धर, मी ओढतो.” पुण्याहून आलेला एक पाहुणा सोबत होता, तो ‘ओढतो’ ऐकून गोंधळला. कोल्हापूरची आहे, ओढतोच म्हणणार. आणि तिनं ओढलं, कळंब्यापर्यंत.

पडला नाहीस कधी?

चार वेळा. त्यातलं एक मोठं. शर्यतीच्या आदल्या रात्री कुणीतरी शाळेसमोर नवा गतिरोधक घातला होता, पांढरे पट्टे नाहीत, आयोजकांचा माणूस नाही, झेंडा नाही. मी पाचव्या जागी होतो. पुढचे चौघं उडून पलीकडं गेले, माझा हात हँडलवरून सुटला. उजव्या गळपट्टीचं हाड, सहा आठवडे झोळी. फौंड्रीत सगळ्यांचा एकच प्रश्न: “सायकलवरून?” मोटरसायकलवरून पडलो असतो तर जास्त मान मिळाला असता.

हेल्मेट फुटलं, डोकं राहिलं. मोठमोठ्या व्यावसायिक शर्यतींतही हेल्मेट सक्तीचं झालं ते २००३ मध्ये, पॅरिस–नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह पडून गेला त्यानंतर. त्याआधी चांगले चांगले सायकलपटू बिनहेल्मेटचे घाट उतरायचे. आमच्याकडं हेल्मेट विसरलेला माणूस चहा पिऊन घरी जातो.

ताकदीच्या गोळ्या वगैरे घेता का?

नाही. पण लायसनच्या शर्यतीत उतरणाऱ्या पोरांना एक सांगणं आहे. नुसत्या जिममधल्या डब्यांवर लक्ष ठेवून भागत नाही. सर्दीच्या काही साध्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रीन असतं आणि स्पर्धेच्या काळात ते ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलं तर बंदी येऊ शकते. गोळी घेण्याआधी डॉक्टरांना “मी स्पर्धेत उतरतो” एवढं सांगा.

घरचे काय म्हणतात?

बायको म्हणते, रविवारी सकाळी नवरा घरात नसतो ही तक्रार नाही, नऊ वाजता परत येऊन दुपारभर झोपतो ही आहे. बरोबर आहे. उत्तर सापडलेलं नाही.

मला यायचं असेल तर?

या. सायकल कुठलीही चालेल, आमचा शेतकरी पहिलं वर्षभर बिनगिअरच्या सायकलवर यायचा. रविवारी पावणेसहाला रंकाळ्याच्या कठड्यापाशी, ऊस हंगामात साडेसहाला. पहिले चार रविवार फक्त चाक धरायला शिका. पुढच्याच्या टायरकडं बघायचं नाही, त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघायचा. अचानक ब्रेक नाही, अचानक उभं राहणं नाही. ओढायची घाई करू नका, तुमची पाळी येईल.

दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि पंप स्वतःचा आणा. पंपाचं तोंड तुमच्या व्हॉल्व्हला बसतं का ते घरीच बघून या. गेल्या महिन्यात एकजण नवाकोरा पंप घेऊन आला होता, आणि आम्ही सगळे केर्लीपाशी पाऊण तास उभे होतो.